टायर म्हातारा झाल्यावर

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, मराठी घरात काय असते ते कुणाला सांगायला नको. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-पावटा-हरभरा घातलेली मिसळीची भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वर लोण्याचा गोळा. नोकरीतल्या बदलीमुळे चेन्नईला बिऱ्हाड हलवलेल्या मराठी कुटुंबाच्या मनातही भोगी म्हणजे हेच. त्यामुळे तिथली पहिली भोगी या मंडळींना दचकवतेच. पहाटेच्या अंधारात गल्लीत ढमढम आवाज सुरू होतो. मुले लहान ढोलकी बडवत उभी असतात आणि दारासमोर जाळ पेटलेला असतो. जुनी चटई, झिजलेली केरसुणी, फाटके कपडे, मोडके सूप, जे जे म्हणून घरात वर्षभर अडगळ झाले ते त्यात पडते. जुने जावे नि नवे यावे म्हणून ही आग. दुसऱ्या दिवशी पोंगल. आपल्याकडची होळीच दोन महिने आधी आली की काय, असे पाहणाऱ्याला वाटते.

कल्पना मोठी सुंदर आहे. चटई ताडाच्या पानांची होती, केरसुणी काड्यांची होती, कपडे सुती होते, तोवर त्या आगीची राख परसात टाकता येत होती. पण घरातली अडगळ बदलली, तशी भोगीची आगही बदलली. तिच्यात प्लास्टिक आले, रेक्झिन आले आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुने टायर आले. टायर पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की तास न् तास जळत राहतो. पोरांना असा न विझणारा जाळ आवडणारच. त्यातून निघणारा काळा धूर मात्र कुणाच्याच आवडीचा नसतो. त्यात काजळी असते, गंधकाचे वायू असतात, बेंझिनसारखी विषारी रसायने असतात. दम्याच्या रुग्णाला त्या पहाटे खिडक्या घट्ट लावून बसावे लागते.

2018 च्या भोगीला, 13 जानेवारी रोजी, हा धूर आणि थंडीतले धुके यांची अशी गट्टी जमली की चेन्नईच्या विमानतळावर धावपट्टी दिसेना. विमाने तासन् तास खोळंबली, काहींना दुसऱ्या शहरांची वाट धरावी लागली. दरवर्षी भोगी जवळ आली की तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळ आवाहने करते, शहरात ठिकठिकाणी हवा मोजते. मीनंबाक्कमच्या आसपास राहणाऱ्यांना तर विमानतळाचे अधिकारी स्वतंत्रपणे विनवतात की, बाबांनो, निदान टायर तरी जाळू नका.

गंमत अशी की, टायर जाळायला सगळ्यांत अयोग्य गाव कोणते असेल तर ते हेच. कारण चेन्नई हे टायरचे माहेर आहे. आणि तिथला टायरचा सर्वांत मोठा कारखाना उभा राहिला तो नव्या टायरवर नव्हे, जुन्या टायरवर!

फुग्यांची शेड

1938 साली त्रावणकोर संस्थानात एक मोठी बँक बुडाली. त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक तिचे नाव. बँकेशी ज्यांचे नाव जोडलेले होते ते के. सी. मामेन मापिल्लै हे 'मलयाळ मनोरमा' या वृत्तपत्राचे संपादकही होते. संस्थानच्या दिवाणांशी त्यांचे बिनसले होते. बँक गेली, वृत्तपत्राला टाळे लागले, ते स्वतः तुरुंगात गेले. भरल्या घराची एकाएकी दैना झाली.

त्यांचा मुलगा के. एम. मामेन मापिल्लै तेव्हा कोवळ्या वयाचा होता. पुढे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकताना तो वसतिगृहाच्या सभागृहातल्या फरशीवर झोपत असे, असे सांगतात. शिक्षण झाले, लग्न झाले. पत्नीचे नाव कुंजम्मा. हाताशी भांडवल नव्हते. 1946 साली या तरुणाने मद्रासच्या उत्तरेकडच्या तिरुवोट्टियूर या उपनगरात एक शेड घेतली आणि रबराचे फुगे करायला सुरुवात केली. यंत्रे नव्हतीच. फुगे हाताने करायचे आणि पोतडीत भरून मद्रासच्या रस्त्यांवर स्वतः विकायचे. श्रीमंत घरातल्या मुलाने दुकानोदुकानी फुगे विकत हिंडायचे हे तेव्हा नातेवाइकांना कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण धंदा चालला. 1949 पर्यंत थंबू चेट्टी स्ट्रीटवर कचेरी झाली. फुग्यांच्या जोडीला खेळणी, कारखान्यांत लागणारे हातमोजे असा माल तयार होऊ लागला.

खरे वळण आले ते 1952 मध्ये. नात्यातल्या एकाचा जुन्या टायरवर नवी नक्षी चढवण्याचा कारखाना होता. या कामाला लागणारे रबर, ज्याला धंद्यात ट्रेड रबर म्हणतात, ते एक परदेशी कंपनी पुरवीत असे. मापिल्लै यांच्या मनात आले, हे रबर आपणच का करू नये? फुगा फुगवून जेमतेम दिवसभर टिकतो. ट्रेड रबर मालमोटारीला हजारो किलोमीटर पळवते. त्यांनी फुग्यांत मिळवलेले सारे या एका गोष्टीवर लावले. चार वर्षांत देशातल्या ट्रेड रबरच्या बाजाराचा निम्मा हिस्सा त्यांच्याकडे आला आणि परदेशी कंपन्यांना काढता पाय घ्यावा लागला. नवे टायर करायला सुरुवात झाली ती त्यानंतर, 1961 साली, अमेरिकेतल्या मॅन्सफिल्ड या कंपनीच्या मदतीने.

ही कंपनी म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. आपण सगळे तिला एमआरएफ या तीन अक्षरांनी ओळखतो आणि मराठी माणूस तर सचिन तेंडुलकरच्या बॅटवरून ओळखतो. (याच कंपनीने चेन्नईत चालवलेल्या पेस फाउंडेशनमध्ये शाळकरी सचिन वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता आणि डेनिस लिलीने त्याला 'तू फलंदाजीच कर' असा सल्ला दिला होता. लिलीचे उपकारच म्हणायचे.) जून 2023 मध्ये या कंपनीच्या एका शेअरचा भाव 1 लाख रुपयांवर गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी फुग्यांची गोष्ट पुन्हा छापली. ट्रेड रबरची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगितली नाही. फुगा आठवणीत राहतो, रिमोल्ड टायर कुणाच्या आठवणीत राहणार?

खरे तर रिमोल्ड ही अतिशय शहाणपणाची गोष्ट आहे. मालमोटारीचा टायर झिजतो म्हणजे काय होते? झिजते ती फक्त रस्त्याला टेकणारी नक्षी. आतले दोऱ्यांचे वा तारांचे थर, रिमला घट्ट धरून बसणारी पोलादी कडी, बाजूच्या भिंती, हे सारे शाबूत असते. वजनाने पाहिले तर गेलेला भाग पाचवा हिस्सासुद्धा नसतो. त्यासाठी अख्खा टायर टाकून देणे म्हणजे टाच झिजली म्हणून नवा जोडा घेण्यासारखे. रिमोल्डवाला काय करतो? आधी टायर दिव्याखाली फिरवून कुठे चीर, खिळा, फुगवटा आहे का ते बघतो. मग यंत्रावर वरचा भाग खरवडतो, त्यावर रबरी सोल्युशन लावतो, नव्या रबराचा पट्टा गुंडाळतो आणि उष्णता व दाब देऊन तो एकजीव करतो. साच्यात घालून केले तर गरम पद्धत. आधीच नक्षी उठवलेला पट्टा चिकटवून कमी उष्णतेवर केले तर थंड पद्धत. चांगला टायर असे दोन-तीन जन्म सहज घेतो. विमानांचे टायर तर अनेकदा असेच पुन्हा चढवलेले असतात आणि आपण निर्धास्तपणे त्यांवर उतरतो.

महाराष्ट्रातल्या महामार्गांवर 'केरळ टायर वर्क्स' अशी पाटी हटकून दिसते. मळकट बनियन घातलेला कुणी केरळी चाचा तिथे लोखंडी पहारीने टायर उकलत बसलेला असतो. रबराची झाडे केरळात, टायरचे कारखाने तमिळनाडूत आणि खिळे मात्र आपल्या रस्त्यांवर! अशी ही वाटणी आहे.

अर्थात मोटारगाड्यांच्या टायरला हे भाग्य कमी मिळते. स्कूटर-मोटारींचे टायर सहसा कुणी रिमोल्ड करत नाही. आणि मालमोटारीच्या टायरलाही कधी ना कधी तो दिवस येतोच, जेव्हा कारागीर त्याच्यावर हात फिरवून मान हलवतो.

भाजलेल्या भाकरीचे पीठ

इथे एक प्रश्न साहजिक मनात येतो. लोखंड भंगारात गेले की वितळवतात, काच वितळवतात, ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्याचे नवे पातेले होते. मग जुना टायर वितळवून नवा का करत नाहीत?

कारण रबर वितळत नाही. निदान टायरचे तरी नाही. झाडातून निघालेला चीक गोठवून केलेले कच्चे रबर हे मळलेल्या कणकेसारखे असते. उन्हाळ्यात चिकट होते, थंडीत कडक. 1839 साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाच्या हातून गंधक मिसळलेले रबर तापल्या शेगडीवर पडले आणि ते वितळण्याऐवजी चिवट, लवचीक झाले. गंधकाने रबराच्या लांबच लांब साखळ्यांना एकमेकींशी जागोजागी गाठी मारल्या होत्या. यालाच व्हल्कनायझिंग म्हणतात. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर हाच शब्द चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहिलेला असतो. (बिचारा गुडइयर 1860 साली कर्जात बुडालेला असतानाच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली ती पुढे 1898 मध्ये. तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.)

या गाठींमुळेच टायर टिकतो आणि या गाठींमुळेच तो पुन्हा कच्चा होत नाही. भाकरी एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे. पण उरलेल्या भाकरीचे आपल्या घरातल्या बायका काय करतात? चुरा करतात, फोडणी देतात, ताकात कालवतात. टाकून देत नाहीत. टायरच्या बाबतीतही माणसाने नेमके तेच केले. गुडइयरचा शोध जुना होत नाही तोच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, जुने रबर तापवून मऊ करायचे प्रयत्न सुरू झाले. 1899 मध्ये आर्थर मार्क्स याने अल्कलीच्या द्रावात ते शिजवण्याची पद्धत काढली. तिने कापडाचे धागे सुटे होत आणि गंधकाचा जास्तीचा अंशही जाई. 'रिक्लेम' रबराचा मोठा धंदा उभा राहिला तो तेव्हापासून.

आजच्या कारखान्यात हे असे चालते. टायरच्या दोन्ही कडांमधली जाड तार आधी यंत्राने ओढून काढतात. दाताचे दुखणे पाहावे तसे ते दृश्य दिसते, टायर कळवळल्यासारखा वाकतो आणि तार सपकन बाहेर येते. मग टायरचे तुकडे, तुकड्यांचा चुरा, चुऱ्याची भुकटी. लोहचुंबकाने पोलादाचे कण वेगळे होतात, हवेच्या झोताने धाग्यांचा कापूस उडवतात. उरलेली भुकटी तेल आणि काही रसायने मिसळून बंद भांड्यात वाफेच्या दाबावर शिजवतात. आपला प्रेशर कुकर, फक्त खोलीएवढा. त्या शिजण्यात गंधकाच्या काही गाठी सुटतात आणि काही ठिकाणी मूळ साखळीही तुटते. ते टळत नाही. म्हणूनच रिक्लेम रबराची ताकद ताज्या रबराएवढी कधीच येत नाही. शिजलेला माल पोलादी रुळांच्या चरकातून पुन्हा पुन्हा काढला की साडीसारखे पातळ थर निघतात. ते एकावर एक गुंडाळून लाद्या करायच्या की झाला माल तयार.

यात सगळे कौशल्य आहे ते निवडण्यात. मालमोटारीच्या टायरमध्ये झाडाच्या रबराचा वाटा जास्त असतो, मोटारगाडीच्या टायरमध्ये कृत्रिम रबराचा. ट्यूबचे रबर आणखी वेगळे. त्याला ब्युटाइल म्हणतात, ते हवा धरून ठेवते. ट्यूबच्या रिक्लेमपासून पुन्हा ट्यूब करता येते आणि ट्यूबलेस टायरच्या आतले अस्तरही. पण त्यात टायरचा चुरा मिसळला तर सारा माल बिघडतो. डाळीत खडा यावा तसे होते. म्हणून कारखान्याच्या दारात ढिगासमोर बसून हाताने निवड करणारी माणसे लागतात.

या लाद्या जातात कुठे? मोटारीत पायाखाली असलेली चटई, सायकलचा टायर, बागेतला पाण्याचा पाइप, चपलेचा तळ, वाहक पट्टा, दारातले रबरी पायपुसणे. नव्या टायरमध्येही थोडे घालतात, फार नाही. थालीपिठात आदल्या दिवशीचा भात मूठभर खपतो, वाटीभर घातला तर थालीपीठ थापले जात नाही. रिक्लेम मिसळले की रबर लवकर मळले जाते, वीज वाचते, खर्च कमी होतो. नुसती भुकटी असेल तर ती डांबरात मिसळून रस्त्यावर घालतात. अशा डांबरासाठी 2004 पासून भारतीय मानकही आहे. उन्हात डांबर कमी पाझरते, थंडीत कमी तडकते. युरोपात मात्र हीच भुकटी कृत्रिम हिरवळीच्या मैदानांवर पसरत असत. तिचे सूक्ष्म कण मातीपाण्यात जातात म्हणून 2023 च्या नियमाने ती विकायला बंदी आली आहे. मैदानांना 2031 पर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे पुनर्वापर म्हटला की सगळे गोमटे, असेही नाही.

महाराष्ट्राला हा धंदा नवा नाही. गुजरातेत अंकलेश्वरला 1974 साली स्थापन झालेल्या 'गुजरात रिक्लेम' या कंपनीचे कारखाने पुढे सोलापूरजवळ चिंचोळीलाही झाले आणि तमिळनाडूत इरोडजवळ पेरुंदुराईलाही. चादरींच्या गावाला टायरही शिजतात, हे सोलापूरबाहेर फार थोड्यांना माहीत असेल.

जुन्या रबराची खरी किंमत कळते ती नवे मिळेनासे झाले की. 1942 साली जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेला येणारे जवळजवळ सगळे रबर एकदम थांबले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून जनतेला विनवले, घरातले जुने रबर पेट्रोल पंपावर आणून द्या, पौंडाला एक सेंट मिळेल. चार आठवड्यांच्या आत साडेचार लाख टनांच्या आसपास माल जमला. टायर तर होतेच. रेनकोट, बागेतले पाइप, आंघोळीच्या टोप्या, पायपुसणी, लोकांनी सगळे आणून ओतले. अध्यक्षांच्या लाडक्या फाला कुत्र्याची रबरी खेळणीसुद्धा त्यात गेली म्हणे. भारतावर अशी वेळ आलेली नाही, पण आपलेही रबर आपल्याला पुरत नाही. 2022-23 मध्ये देशात सुमारे 8 लाख 39 हजार टन नैसर्गिक रबर निघाले आणि लागले साडेतेरा लाख टन. उरलेले बाहेरून आणावे लागले. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून भोगीच्या पहाटेचा जळता टायर पाहावा.

चेन्नईत एगमोरजवळ, कूवम नदीच्या काठाला पुदुपेट नावाची वस्ती आहे. मुंबईतला चोरबाजार आणि कुर्ल्याचे भंगार यांची मोट बांधली तर जे होईल ते पुदुपेट. मोटारीचा कोणताही भाग तिथे मिळतो, फक्त तो कुठल्या गाडीचा होता ते विचारायचे नसते. अशा बाजारांत टायर हा कधी कचरा नसतो. ज्यावर अजून काही किलोमीटर निघतील तो गरजूला विकला जातो. बाकीच्यांवर सुरी चालते. बाजूच्या भिंतीचे पट्टे, तळाचे सोल, गाडीच्या स्प्रिंगखाली घालायचे ठोकळे, धक्क्यावर नावेच्या कुशीला बांधायचे तुकडे. आपल्याकडेही गावोगावच्या चांभाराने टायरचा तळ लावलेल्या वहाणा शेतकऱ्याच्या पायात वर्षानुवर्षे टिकल्या. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीच्या लाकडी चाकाच्या जागी टायर आला आणि त्या गाड्यांचे नावच 'टायर' पडले. हे सगळे कुणी पर्यावरणासाठी केले नव्हते. पैसे वाचत होते म्हणून केले, आणि म्हणूनच ते इतके टिकले.

टायर नुसता पडून राहिला तरी निरुपद्रवी नसतो. त्याच्या पोटात साठलेले पाणी ओतून काढणे महाकठीण असते आणि डेंग्यूच्या डासाला तीच जागा सर्वांत प्रिय असते. 1985 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनला आशियातला पट्ट्यापट्ट्यांचा डास ठाण मांडून बसलेला सापडला. तो तिथे पोचला होता जुन्या टायरमधून, बोटीने. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की चेन्नई महापालिकेची माणसे घराच्या गच्च्यांवर आणि दुकानांच्या मागे टायर शोधत हिंडतात, ते याचसाठी. आणि ढीग फार वाढला तर आगीची भीती. 1990 मध्ये कॅनडातल्या हेगर्सव्हिल इथे साठवलेले सुमारे 1 कोटी 40 लाख टायर पेटले. ती आग विझायला 17 दिवस लागले.

तेल आणि काजळी

मग उरते शेवटची वाट, पायरोलिसिसची. टायर मोठ्या बंद पिंपात घालायचा, हवा लागू द्यायची नाही आणि बाहेरून तापवायचा. रबर जळत नाही, त्याचे विघटन होते. त्यातून भट्ट्यांना चालणारे काळे तेल निघते, तार निघते, कोळशाची काळी पूड निघते आणि वायू निघतो. तो वायू पुन्हा त्याच पिंपाखाली जाळता येतो. कागदावर ही फार व्यवस्थित युक्ती आहे. नीट यंत्रणा असेल तर प्रत्यक्षातही चालते. पण ती स्वस्तातही चालवता येते आणि तिथेच गोम आहे. वायू गळतो, पूड उडते, पिंप पुरते थंड व्हायच्या आत झाकण उघडले जाते. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादापुढे केंद्रीय मंडळाने जी माहिती ठेवली तिच्यात 19 राज्यांतल्या 637 कारखान्यांची मोजदाद होती. त्यांपैकी 270 नियम पाळत नव्हते आणि 116 बंद होते.

चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडीपूंडीचा औद्योगिक पट्टा आहे. टायरचा चुरा करणारे कारखाने तिथे आहेत, आणि त्याच तालुक्यात नवेकोरे टायर करणारा एका परदेशी कंपनीचा भला मोठा कारखानाही आहे. मुंबईच्या उत्तरेला तशीच जागा म्हणजे पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका. मोठ्या शहरापासून फार लांब नाही, जमीन स्वस्त, आसपास गरीब वस्ती. 2025 च्या जानेवारीत वाड्यात टायर तापवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन लहान मुले त्यात गेली. त्यानंतर त्या भागातले सात कारखाने बंद करण्यात आले. तिथे युरोपातून आलेले टायर तापवले जात होते, असे त्याच वर्षी बीबीसीने केलेल्या पाहणीत पुढे आले. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे 5 कोटी टायर निकामी होतात आणि त्यांतले जवळपास निम्मे बाहेरदेशी पाठवले जातात. त्या देशातल्या गृहस्थाने टायर बदलताना जुना टायर निस्तरण्याचे पैसे दुकानदाराला मोजलेले असतात. तो समजतो, आपले काम झाले. आणि ते होते कुठे, तर वाड्याला.

खरे म्हणजे तेल काढण्यासाठी जुने टायर आयात करायला आपल्याकडे जुलै 2022 पासून बंदी आहे. टायर येताना कागदावर 'रिक्लेमसाठी', 'भुकटीसाठी' असे असते. पुढे पाव रस्त्यात त्यांची दिशा बदलते. कारण सरळ आहे. रिक्लेम करायला यंत्रे लागतात, वीज लागते, निवडणारी माणसे लागतात. पिंपाला विस्तव लागतो.

2022 च्या त्याच नियमांनी टायर करणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर एक जबाबदारी टाकली. बाजारात टायर आणता, तर जुन्यांचीही विल्हेवाट लावून दाखवा. पहिल्या वर्षी 35 टक्के, दुसऱ्या वर्षी 70 आणि 2024-25 पासून पूर्ण 100 टक्के. कंपनीने स्वतः टायर गोळा करत हिंडायचे नाही. नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्याने जेवढा माल केला, त्याचे प्रमाणपत्र विकत घ्यायचे आणि केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर दाखवायचे. रिक्लेम, भुकटी, रस्त्याचे डांबर, परत मिळवलेला कार्बन, सगळ्याला त्यात जागा आहे. तेल काढणाऱ्यालाही आहे. ज्या टायरवर नवी नक्षी चढली त्याचेही प्रमाणपत्र आहे, आणि त्याचा अर्थ मोठा मजेदार आहे. तेवढ्या टायरची जबाबदारी कंपनीवरून जात नाही, फक्त एक वर्ष पुढे ढकलली जाते. सरकारी भाषेत सांगायचे तर टायरच्या मरणाला दिलेली मुदतवाढ!

टायर कापून वहाणेचा तळ करणाऱ्याला मात्र त्या पोर्टलवर रकाना नाही.